प्रार्थनेतला शब्द आणि चौथा परिच्छेद

संक्रांतीचा तीळगूळ संपतो न संपतो तोच लातूरच्या व्याख्यानमालेची पत्रके अहमदपूरपर्यंत येऊन पोहोचतात. यंदाही ती आली. तहसील कचेरीसमोर लिंबाखाली माझे टेबल आहे. त्या लिंबाच्या खोडालाच कोणीतरी एक पत्रक चिकटवून गेले. मी चष्मा पुसून पहिल्या पुष्पापासून शेवटच्या पुष्पापर्यंत सर्व विषय वाचले. मधुमेह आणि आपण. बदलते हवामान. हसत कसे जगावे. गतवर्षीच्या तिसऱ्या पुष्पासारखे त्यात काही नाही हे पाहून मला हायसे वाटले, आणि हायसे वाटले याची मागाहून लाज वाटली.

हे दिवसच विचित्र असतात. सकाळी कार्बनचा कागद थंडीने ताठ झालेला असतो. तो दोन तळहातांत धरून ऊब द्यावी लागते, तेव्हा कुठे अक्षर खालच्या प्रतीवर उमटते. चाकूरच्या रस्त्याने करडई पिवळी झालेली असते. ज्वारीच्या कणसात दूध भरून ते घट्ट होत असते. हरभऱ्यातून चालत आलेल्या माणसाच्या धोतराला त्याच्या पानांवरच्या आंबेचा आंबट वास येतो, आणि तो माणूस माझ्यासमोर बसून म्हणतो, "वाट अडवलीय साहेब." तुरी काढायच्या असतात, रानात गाडी न्यायची असते, आणि नेमका तेव्हाच कोणाला तरी कोणीतरी वाटेत आडवे झालेले असते. रस्त्याचे अर्ज याच हंगामात येतात. गेली सव्वीस वर्षे मी ते लिहीत आहे. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. परंतु माझ्या मसुद्यात आजवर एकाही नायब तहसीलदाराने त्रुटी काढलेली नाही, हे मी नम्रपणे नमूद करतो.

गतवर्षीचे तिसरे पुष्प एका निवृत्त राजदूतांनी गुंफले. गृहस्थ मूळचे नांदेडकडचे. पण आयुष्य सगळे परमुलखात गेलेले, त्यातली काही वर्षे रोममध्ये. विषय होता कॅथलिक आणि ज्यू यांचे संबंध. मंडपातले निम्मे लोक विषय वाचूनच घरी राहिले असावेत. मी गेलो, कारण मी दरवर्षी जातो आणि दुसऱ्या रांगेत बसतो. खरे सांगायचे तर माझे या बाबतीतले ज्ञान तुटपुंजे होते. कॅथलिक म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या बाळंतपणाच्या वेळी दवाखान्यात भेटलेल्या केरळच्या सिस्टर, आणि ज्यू म्हणजे कृषी मेळाव्यात ऐकलेले इस्रायलचे ठिबक सिंचन. या दोहोंचा एकमेकांशी काही तंटा असेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हते.

राजदूत साहेब बारीक अंगाचे, आवाज हलका. हातवारे नाहीत, शेर नाहीत, विनोद नाहीत. लोक चुळबुळ करू लागले. मग ते एका प्रार्थनेविषयी बोलू लागले आणि माझी मान आपोआप वर झाली.

त्यांनी सांगितले ते असे. वर्षातून एका शुक्रवारी, येशूच्या मरणाच्या दिवशी, कॅथलिक लोक देवळात जमून जगातल्या सर्वांसाठी प्रार्थना करतात. त्यात ज्यूंसाठीही एक प्रार्थना होती; पण त्यांच्या नावामागे एक विशेषण लावलेले असे. मूळ शब्द लॅटिन. त्याचा अर्थ 'विश्वास न ठेवणारे' एवढाच होता, असे काही पंडित म्हणतात. परंतु ऐकणाऱ्याच्या कानात तो 'विश्वासघातकी' असाच पडत राहिला. इतरांसाठीच्या प्रार्थनांना लोक गुडघे टेकत. त्या एका प्रार्थनेला टेकत नसत. असे शेकडो वर्षे चालले. "आणि लक्षात घ्या," साहेब म्हणाले, "ही प्रार्थना म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात एकही ज्यू पाहिलेला नसे. त्यांच्या मनात रागही नसे. ते फक्त छापलेले वाचत होते."

छापलेले वाचत होते. हे वाक्य मी मंडपातच माझ्या डायरीत उतरवून घेतले. का घेतले, ते मला तेव्हा ठाऊक होते. पण ठाऊक नसल्यासारखे मी पुढे ऐकत राहिलो.

आमच्या धंद्यात एक गोष्ट आहे, तिला आम्ही आपसात मसाला म्हणतो. माझे उस्ताद, ज्यांच्या टेबलाशी बसून मी हे काम शिकलो, ते निजामाच्या वेळची उर्दू दस्तऐवजी जाणणारे होते. ते म्हणत, "बेटा, पहिल्या परिच्छेदात नाव-गाव, दुसऱ्यात जमीन, तिसऱ्यात तक्रार, आणि चौथ्यात मसाला. मसाल्याबिगर साहेबाच्या तोंडाला चव येत नाही." तो मसाला मला झोपेतही म्हणता येतो: 'गैरअर्जदार हे अत्यंत भांडखोर व गुंड प्रवृत्तीचे असून त्यांच्यापासून अर्जदाराच्या जीवितास धोका आहे.' ज्याच्याविरुद्ध अर्ज, तो गुंड प्रवृत्तीचा. एकदा एका इसमाविरुद्ध मी हे लिहिले आणि तारखेला पाहतो तर त्याला दोघांनी धरून आणलेले, अर्धांगवायूने एक अंग गेलेले. शिरूर अनंतपाळकडच्या एका विधवा बाईला मी गुंड प्रवृत्तीची लिहिले. तिच्या हातात पिशवी, पिशवीत भाकरी. तिने मला, मी कोण हे न ओळखून, पाणी कुठे मिळेल म्हणून विचारले. माझ्या मनात या कोणाविषयीही राग नव्हता. पद्धत होती.

राजदूत साहेबांचे पुढचे बोलणे मला अधिकच कोड्यात टाकणारे होते. युरोपात लाखो ज्यूंची कत्तल झाली, त्यानंतर कॅथलिकांच्या मनात आपल्याच कागदांविषयी प्रश्न उभे राहिले. प्रार्थनेतला तो शब्द काढला गेला. पुढे त्यांच्या धर्मपरिषदेने ठरवले की येशूच्या मरणाचा दोष सरसकट सगळ्या ज्यूंवर टाकता येणार नाही. आणि आता त्यांचे धर्मगुरू ज्यूंना काय म्हणतात, तर आमचे थोरले भाऊ.

इथे सभेत टाळ्या पडल्या. मला टाळी वाजवता आली नाही. थोरला भाऊ म्हटले की दुरावा मिटतो, असे त्या टाळ्या वाजवणाऱ्यांना वाटत असेल तर त्यांनी एक आठवडा माझ्या टेबलाशेजारी बसावे. परक्याविरुद्ध माणूस फार तर एक अर्ज करतो. थोरल्या भावाविरुद्ध तो मरेपर्यंत करतो. माझ्या सव्वीस वर्षांच्या लेखणीत 'गैरअर्जदार हे अर्जदाराचे सख्खे थोरले बंधू असून' हे शब्द जितक्यांदा आले, तितक्यांदा देवाचे नाव आले नसेल.

त्यातला एक अर्ज माझा स्वतःचा होता.

आप्पा माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले. मला शाळेत घातले ते आप्पांनी, आणि मी नववीत नापास झाल्यावर चार लोकांत "त्याचा मेंदू कागदाचा हाय, मातीचा न्हाई" असे सांगून मला अहमदपुरात उस्तादांकडे बसवले तेही त्यांनीच. वाटणीत माझा तुकडा त्यांच्या रानाच्या मागे आला. जायची वाट त्यांच्या बांधावरून. तेरा वर्षांपूर्वीच्या अशाच एका हिवाळ्यात मी तुरीसाठी टेम्पो घेऊन गेलो, तर वाटेवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या. मोकाट जनावरे ज्वारीत शिरत होती, म्हणून टाकलेल्या होत्या. आप्पा शंभर पावलांवर विहिरीजवळ होते. एक हाक मारली असती तरी काम झाले असते. मी मारली नाही. टेम्पोवाल्यासमोर मला कोणीतरी अडवले होते, आणि ज्याच्या हाती लेखणी आहे त्याने तोंडाने काय मागायचे, असे मला वाटले. मी टेम्पो वळवला, अहमदपूरला आलो आणि अर्ज लिहिला. चार परिच्छेद. चौथ्यापाशी माझा हात थांबला का, असे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे. थांबला नाही.

नोटीस घेऊन गावचा कोतवाल गेला. आप्पांना वाचता येत नाही, म्हणून पारावर बसलेल्या मंडळींसमोर त्याने अर्जाची प्रत मोठ्याने वाचून दाखवली. पुढे तो कचेरीत आला तेव्हा त्यानेच मला सांगितले, "वाचून झालं तर आप्पा म्हणले, ते चवथं पुन्हा वाच. म्या पुन्हा वाचलं. मग अंगठा दिला आन गेले." दुसऱ्या दिवशी आप्पांनी स्वतःच्या हाताने काट्या उचलल्या आणि तलाठ्याकडे जाऊन वाट देण्यास संमती दिली. माझा अर्ज मंजूर झाला. निकालाची नक्कल माझ्या पेटीत आहे. त्यानंतर बारा वर्षे आम्ही बोललो नाही; माझा तुकडा मी बटाईने दिला आणि गावी जाणेच सोडले. लग्नकार्यात ते एका पंगतीला बसले की मी दुसऱ्या पंगतीला थांबायचो. दर हिवाळ्यात त्यांच्याकडून हुरड्याची कणसे यायची, ती यायची बंद झाली. आमच्या सौभाग्यवती दोनेक वर्षे दाराकडे पाहत. मग त्यांनीही बाजारातून आणायला सुरुवात केली.

तर त्या मंडपात हे सर्व माझ्या शेजारी येऊन बसले होते. व्याख्यान संपल्यावर प्रश्नांसाठी चिठ्ठ्या मागवल्या. मी सवयीप्रमाणे व्यवस्थित मसुदा केला: 'सदर प्रार्थनेतील सदर शब्द वगळण्याबाबत अर्ज कोणी, कोणाकडे व कोणत्या नियमान्वये केला होता, याचा खुलासा व्हावा.' सूत्रसंचालकाने तो वाचला आणि मंडपात हशा पिकला. राजदूत साहेब हसले नाहीत. त्यांनी चिठ्ठी मागून घेऊन स्वतः पुन्हा वाचली.

"नियम कोणताच नव्हता," ते म्हणाले. "विनंत्या अनेकांनी केल्या. त्यात एक वृद्ध ज्यू अभ्यासक होते. त्यांची बायको आणि मुलगी त्या कत्तलीत गेली होती. ते कॅथलिकांच्या सर्वोच्च धर्मगुरूंना जाऊन भेटले आणि म्हणाले, तुम्ही आमच्याविषयी जे शिकवता ते एकदा तपासून पाहा."

मी मंडपाबाहेर त्यांची वाट पाहत थांबलो. त्यांनी विचारले, "आपण काय करता?"

"अर्जनवीस आहे. लोकांचे अर्ज लिहितो."

"मग आपण एकाच धंद्यातले. मीही आयुष्यभर सरकारचे अर्जच लिहिले."

एरवी हे वाक्य मी अहमदपुरात महिनाभर सांगत फिरलो असतो. त्या दिवशी मला फक्त एवढेच सुचत होते: "साहेब, म्हणजे ज्याला लागलं त्यालाच जावं लागलं. ज्यांनी लिहिलं ते आपणहून गेले नाहीत."

त्यांनी गाडीचे उघडलेले दार पुन्हा लोटले. "काही गेले असतील," ते म्हणाले. "पण त्यांची नावं मला पटकन आठवत नाहीत, हे खरं आहे."

परतीच्या एसटीत मी हाच हिशेब घालत होतो, आणि तो जुळत नव्हता. बारा वर्षे मी कशाची वाट पाहत होतो? आप्पा येतील, दोन शब्द बोलतील, मग मीही मोठ्या मनाने बोलेन, याची. अर्ज त्यांच्याकडून यावा, ही माझी अपेक्षा होती. ज्याची बायको-मुलगी गेली त्या म्हाताऱ्याला जिने चढून दारात जावे लागले, आणि दार ज्यांचे होते ते आत बसून होते. मी आयुष्यभर दाराच्या बाहेर टेबल टाकून बसलेला माणूस. मला वाटे, मी बाहेरच्यांपैकी आहे. या एका बाबतीत मी आतला होतो.

घरी आल्यावर मी नियम धुंडाळले. निकाली निघालेल्या प्रकरणातल्या अर्जातून एखादा शब्द मागे घेण्याची तरतूद मला कुठेही सापडली नाही. तरीही मी मसुदा केला. 'प्रति, आप्पा. विषय: परिच्छेद चारमधील शब्द मागे घेणेबाबत.' तीनदा फाडला, चौथ्यांदा ठेवला. स्वच्छ अक्षरात लिहिला, खाली सही केली आणि एका रविवारी गावी गेलो.

फाट्यावर नवीन हॉटेल झाले आहे. चालवणारा बाहेरगावचा, मला ओळखणारा नव्हे. मी चहा सांगितला आणि आप्पा घरी असतील की रानात, असे विचारले.

"कोणते आप्पा? गुंडाप्पा का? ते रानात हायत. सकाळीच गेले."

मी म्हणालो, ते नव्हेत. आमच्याकडे कर्नाटकाच्या बाजूला गुंडाप्पा हे चांगले घरंदाज नाव आहे; उदगीर-निलंग्याकडे असे कितीतरी गुंडाप्पा सापडतात. गावात कोणी नवे कुटुंब आले असेल, असे मला वाटले. मी आमचे आडनाव सांगितले.

"हाव, तेच की. विहिरीवालं रान. गुंडाप्पाच."

मागच्या बाकड्यावर कोणीतरी खाकरले. तो जुना कोतवाल होता, आता नोकरीतून निवृत्त झालेला. त्याने हॉटेलवाल्याला आणखी एक चहा टाकायला सांगितले आणि मला म्हणाला, "बसा बापू. तुमाला कुणी सांगितलं न्हाई वाटतं."

"काय?"

"तुमच्या कागदातलंच हाय ते. म्या वाचलं त्या दिवशी पाराव कुणीतरी म्हणलं, आजपासून आप्पाचं गुंडाप्पा. हसले लोक. मग चिकटलं. आधी पाठीमागं म्हणायचे. मग तोंडावर. आता नव्या लोकायला वाटतं नावच हाय. नातीच्या लग्नाच्या पत्रिकेत कंसात छापलं व्हतं. न्हाईतर सोयऱ्याला कळंना, घर कोणाचं म्हणून."

"आणि आप्पा?"

"ते काय म्हणतेत. पहिल्यांदा महिनाभर पाराव आले न्हाईत. मग यायला लागले." त्याने बशीत चहा ओतला. "माझ्यावर घालू नगा. म्या नुसतं वाचलं. नाव तुमी ठिवलं."

पत्रिका मला आली नव्हती. आली असती तर मी ती वाचली असती, आणि छपाईची चूक म्हणून बाजूला ठेवली असती.

यंदा मी चौथा परिच्छेद लिहिणे सोडले आहे. पक्षकार नाराज होतात. काल एकाने अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, कडक वाटंना. त्यो गुंड हाय ते टाकलंच न्हाई." मी विचारले, "आहे का तो गुंड?" तो गोंधळला. "तसं न्हाई, माझा मावसभाऊच हाय. पण लिवायचं असतंय ना?" मी नाही म्हटल्यावर तो उठून पलीकडच्या टेबलाकडे गेला. तिकडे मसाला मिळतो. माझ्या एकट्याच्या न लिहिण्याने काय थांबणार, हे मला दिसते. तरी लिहवत नाही.

त्या रविवारी मी रानात गेलो तो त्याच वाटेने, जी माझ्या अर्जाने मोकळी झाली होती. दोन्ही बाजूंना ज्वारी डोक्याच्या वर. आप्पा विहिरीच्या कडेला गोवऱ्यांच्या विस्तवावर कणसे भाजत बसले होते. पाठ वाकली होती. मला पाहून त्यांनी एक पोते सरकवले.

"बस," म्हणाले. जणू मी सकाळीच उठून गेलो होतो.

त्यांनी कणीस तळहातावर चोळले, फुंकर मारून फोल उडवले आणि गरम हुरडा माझ्या ओंजळीत टाकला. मी तो तसाच धरून बसलो. मग एका हाताने खिशातला कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली. 'उपरोक्त विषयान्वये विनंतीपूर्वक सादर करण्यात येते की' इथपर्यंत आलो असेन.

"लई अवघड हाय," आप्पा म्हणाले. "सोपं सांग."

सोपे सांगायला मला वेळ लागला. सव्वीस वर्षे दुसऱ्यांचे म्हणणे मी अवघड करून देत आलो.

"आप्पा, तुम्ही गुंड नव्हता."

"ते मला ठावं हाय." त्यांनी विस्तव सारखा केला. "तुला ठावं व्हतं का, तवा?"

"होतं."

"मग लिवलं कशाला?"

मी खरे तेच सांगितले. "तसं लिहायची पद्धत आहे."

"पद्धत," आप्पा म्हणाले, आणि तो शब्द तोंडात घोळवून पाहावा तसे पुन्हा एकदा म्हणाले, "पद्धत व्हय. म्या बारा वर्सं इचार करून राहिलो, मपलं काय चुकलं म्हणून. तुला कंदी हात लावला का, शिवी दिली का. आठवून आठवून बघितलं. एकदा शाळंच्या पायी एक चापट मारली व्हती. म्हणलं, तेच धरलं आसंल यानं मनात."

माझ्या ओंजळीतला हुरडा थंड झाला होता. मला त्या चापटीची आठवणही नव्हती. कागदाची घडी घालून मी तो खिशात ठेवणार, तर त्यांनी हात पुढे केला, कागद घेतला आणि वाचता येत नसताना वरपासून खालपर्यंत पाहिला. मग आपल्या टोपीत ठेवला.

तेवढ्यात पलीकडच्या रानातून, ज्वारीच्या वरून, कोणीतरी पाण्याची पाळी विचारायला हाक मारली, "ओ गुंडाप्पा."

मी खाली पाहिले. आप्पांनी गुडघ्यावर हात टेकून, उठत उठत, ओ दिली.